श्रावणातले कडक शाकाहारी

गोव्यातल्या हिंदू माणसाच्या जिभेविरुद्ध सरकार आणि पंचांग यांचा जुना कट आहे, असं माझं ठाम मत आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी. ती उठते, बाजारात बांगडा आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, दिसू लागतात, आणि बहुधा त्याच सुमाराला श्रावण लागतो. आमच्या घरी श्रावण थेट गणपतीची चवथ सरेपर्यंत चालतो. तोवर मासळीचं नावही काढायचं नाही. अशा दिवसांत वरणभाताला जो काही धीर द्यायचा तो फोडणीतला कढीपत्ताच देतो. म्हणून आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये कढीपत्त्याच्या कुंडीला जो मान आहे, तो मला नाही.

एरवी ही कुंडी गॅलरीत असते. पण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात गॅलरी आपली नसते. जूनमध्ये सगळ्या कुंड्या हॉलमध्ये येतात, कपडे पंख्याखाली येतात आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. कढीपत्त्याला आमच्याकडे मासळी धुतलेलं पाणी घालतात. श्रावणात तेही बंद. म्हणजे झाडालाही श्रावण. या सगळ्या सक्तीच्या शाकाहाऱ्यांत एकच जण राजीखुशीने शाकाहारी होता, आणि तो कुठे बसलाय हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आधी कोणाला कोणी खात नाही ते सांगतो. मनी प्लांटला खात नाही. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड घातलं की टोचतात. मेहुण्याने दिलेला हा मनी प्लांट टीव्हीमागून निघून आता पडद्याच्या दांड्यापर्यंत पोचलाय, आणि पैसा मात्र होता तिथेच आहे. स्नेक प्लांटकडेही कोणी फिरकत नाही. त्याच्यावर धूळ सोडून काही बसलेलं मी पाहिलेलं नाही. जी झाडं जगली-मेली तरी आपल्याला फरक पडत नाही, ती जगतात.

खातात ती आवडती झाडं. स्पायडर लिलीवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या आणि लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात. लग्नाला आल्यासारख्या नटून, घोळक्याने येतात आणि पानांचे बुडखे ठेवून जातात. रात्री खालच्या बागेतून पाइप धरून आफ्रिकन गोगलगाय चढते. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली असं सांगतात. शिंपल्या-शंखांचा अभ्यास करणारा माणूस होता, कुतूहल असणारच. त्याच्या कुतूहलाचं बिल आता आमची शेवंती भरते. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण करणाऱ्याने तिच्या तोंडात पाहिलेलं नसावं. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात.

पण गोगलगाय मोठी असते, सापडते. कढीपत्त्याचं तसं नव्हतं. सकाळी पाहावं तर कोवळा शेंडा गायब, मधली शीर तेवढी उभी. कुंडीच्या ताटलीत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. बायकोचा पहिला संशय माझ्यावर, कारण मी येताजाता पानं चघळतो. गोळ्यांचा खुलासा मात्र तिच्याकडेही नव्हता. एका पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसत होती. आई म्हणाली, "कावळा शिटलाय." बंद हॉलमध्ये कावळा कधी येऊन गेला, हे कोणी विचारलं नाही. बायकोने ओल्या फडक्याने ते पुसायला हात पुढे केला आणि शिटेने डोकं वर काढलं. डोक्यामागून नारंगी, दुबेळकी शिंगं बाहेर आली आणि कुजलेल्या लिंबाचा भपकारा सुटला. बायको किंचाळली, फडकं सोफ्यावर, ती स्वयंपाकघरात. शिंगं सावकाश आत गेली आणि शीट पुन्हा जेवायला बसली.

ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहानपणी शिटेचं सोंग घेते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि दोन-तीन आठवडे खाण्यापलीकडे दुसरा उद्योग करत नाही. लिंबू, कढीपत्ता आणि त्यांचे भाऊबंद एवढंच खाते. पथ्य असं, की चातुर्मास पाळणाऱ्यांनी शिकवणी लावावी.

मी चप्पल घेतली. आई देवघरातून म्हणाली, "अरे, श्रावण आहे."

एवढंच. पण आमच्या घरात हे सुप्रीम कोर्ट आहे, पुढे अपील नाही. मी नीम तेलाची बाजू मांडून पाहिली. लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि थोडा साबण, कारण साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. ते संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारायचं. त्याने अळी जागच्या जागी मरत नाही. तिची खाण्यावरची वासना उडते आणि तिला कात टाकता येत नाही. वासना उडते म्हटल्यावर आई जरा नरमली, श्रावणात हे चालण्यासारखं होतं. पण पावसाळ्यात खिडक्या बंद. लसूण आणि खवट शेंगदाणे एकत्र उकळल्यासारखा तो वास सोफ्यात, पडद्यांत आणि शेवटी सत्यनारायणाच्या प्रसादात गेला. वासना आमची उडाली, अळी खात होती.

मग कृषी दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "कितले एकर?" मी म्हटलं, एक कुंडी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच कुठेतरी दाखवून आणायला हवं. तरी त्याने बीटीची पुडी दिली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा जिवाणू. पानावर फवारायचा, अळीने ते पान खाल्लं की तिच्या आतड्यात त्याचं विष जागं होतं आणि तिचं खाणं थांबतं. मी आईला युक्तिवाद ऐकवला, की आपण मारत नाही, ती आपल्या हाताने खाते आणि आपल्या कर्माने मरते. आई म्हणाली, "जेवणात विष घालणारे सगळे असंच सांगतात." पुडी अजून फ्रिजवर आहे.

उरला मार्ग हद्दपारीचा. पण ही बाई गवतावर सोडली तर उपाशी मरणार, म्हणजे पाप पुन्हा आमच्याच दारात. तिला लिंबाचंच झाड हवं. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, तसं एकच, कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या कुंपणाशी. दिवसा तिथे जाऊन "तुमच्या झाडावर माझ्या अळ्या सोडू का?" असं विचारण्याचं धाडस मला नव्हतं. म्हणून जेवणं झाल्यावर, सापडल्या तेवढ्या अळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून, वर दोन कढीपत्त्याच्या काड्या ठेवून मी निघालो. दुसऱ्या दिवशी पिठोरी अवस आहे, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. वाड्याच्या डोक्यात होतं.

लिंबाच्या झाडाखाली, अवसेच्या आदल्या रात्री, हातात डबा घेतलेला मनुष्य, मोबाइलच्या उजेडात फांद्यांना काहीतरी लावतोय. वर मी एकेका अळीला "जा बाई, आता इथे राहा" असं म्हणत होतो, ते कोणीतरी ऐकलं. गेट वाजलं. "कितें करतात हांगा?" मी खरं तेच सांगितलं. खरं सांगून इतका अविश्वास मी आयुष्यात कधी कमावला नव्हता. सकाळी त्या झाडाला कोणीतरी हळद-कुंकू लावून खाली नारळ फोडला होता. हल्ली बंगलेवाले मला फार आदराने नमस्कार करतात, आणि त्यांच्या घरात कोणाचा ताप उतरला नाही की मी समोरून गेल्यावर खिडकी लावून घेतात.

बायकोचं म्हणणं वेगळंच. प्रियोळला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, फुलपाखरांचं उद्यान आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात. "आपण फुकट खायला घालतो आणि वर पळवून लावतो. एक बोर्ड लावा, हॉलचं भाडं सुटेल."

चवथीसाठी माळ्यावरची माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं बांधून टांगायची, चौकट खाली काढली, पुसून भिंतीला टेकवून ठेवली. चवथीच्या आदल्या दिवशी तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली कांगलां बांधायला घेतली तर एका पट्टीला हिरवट कोष चिकटलेला. डब्यात न गेलेली एक होती तर! कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या करून ती गणपतीच्या डोक्यावर जाऊन झोपली होती. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माटोळीला रानातलं लागतंच. राहू दे."

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी बांगडे आले. पहिला घास घेता घेता आईने निकाल फिरवला: "आता काय ते फवार." पण फवारायचं कशावर? झाडाला पान नव्हतं आणि घरात अळी नव्हती.

आणि सत्तरी तालुक्यातून दर्शनाला आलेला मावसभाऊ जाताना एक रोप ठेवून गेलाय. तेफळाचं. बांगड्याच्या हुमणात तेफळ हवंच, तेव्हा आई खूश. मी मात्र पाहून ठेवलं: तेफळ, लिंबू आणि कढीपत्ता हे एकाच कुळातले. रोप कढीपत्त्याच्या काड्यांशेजारी मांडून आईने मला बजावलं, "ह्याला काही फवारायचं नाही, त्याची फळं जेवणात घालायची आहेत."

फळं यायला काही वर्षं जातील. पानं मात्र आजच आहेत.