ओटच्या पिठाचं पिंप: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मॅनिटोबाच्या कर्लिंग संघटनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्या पुढे झाडूने बर्फ घासायचा असा खेळ; मॅनिटोबा हा कॅनडाचा प्रांत, विनिपेग त्याची राजधानी. मिसिसागाहून लिहिणाऱ्या या ताईंचे आक्षेप असे: पहिली ब्रायर, म्हणजे कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, मॅनिटोबाने जिंकली हे मी धडधडीत चुकीचं लिहिलं, बाकीचा लेख म्हणजे दिवाणखान्यात टांगलेल्या ढालींची मोजदाद, त्यात बायकांच्या वाट्याला दीड ओळ, आणि मुळात बर्फावर झाडू मारण्याला एवढं डोक्यावर का घ्यायचं?

पहिली चूक कबूल. १९२७ साली टोरांटोच्या ग्रॅनाइट क्लबमध्ये झालेली पहिली ब्रायर नोव्हा स्कोशियाने जिंकली. हॅलिफॅक्सच्या मरे मॅकनील यांचा संघ. त्यानंतर १९२८ ते १९३२ अशी सलग पाच वर्षं मॅनिटोबाची. ती पाच वर्षं माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की सहावं मी पदरचं घातलं. लेख दुरुस्त केलाय.

ढालींचं बोलणं मात्र झोंबलं, कारण ते खरं आहे. विजेत्यांची यादी समोर ठेवून लिहायला बसलं की लेखाचा वार्षिक अहवाल होतो. पण म्हणून ‘या संघटनेकडे ढालींपलीकडे काही नाही’ असं तुम्ही म्हणालात, ते मला मान्य नाही. मी भलत्याच गोष्टी मोजल्या, एवढंच.

सुरुवात इथून करायला हवी होती. विनिपेगमधला पहिला सामना डिसेंबर १८७६ मधला. पैज कशाची, तर ओटच्या पिठाच्या एका पिंपाची, आणि ते पिंप गेलं गावच्या इस्पितळात. स्कॉटिश माणसांनी लावलेली पैज, त्यामुळे ओट येणारच. मॅनिटोबाच्या कर्लिंगचा पहिला सन्मान कुठला असं मला आज विचारलंत, तर मी या पिंपाकडे बोट दाखवीन.

संघटना झाली १८८८ मध्ये, तीही स्कॉटलंडच्या रॉयल कॅलेडोनियन क्लबची शाखा म्हणून. दुसऱ्याच वर्षी तिने विनिपेगला बॉनस्पील भरवलं. बॉनस्पील म्हणजे कर्लिंगची मोठी स्पर्धा, शब्द स्कॉटिश; आपल्याकडे त्याला जत्राच म्हणावं लागेल. गव्हाच्या पट्ट्यातली गावं, हिवाळ्यात शेतं बर्फाखाली, हाताला काम नाही. चार माणसं जमली की झाला संघ. राष्ट्रीय विजेता आणि कुठल्याशा गावातला दुकानदार एकाच बॉनस्पीलमध्ये, बर्फाच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर खेळतात. १९८८ मध्ये शंभरावं बॉनस्पील झालं तेव्हा हजारावर संघ उतरले होते. एका शहरात, कडाक्याच्या थंडीत, चार हजारांहून जास्त माणसं दगड सरकवत होती! याला ढाल कुठली देणार?

आणि हॉवर्ड वूड. १९३० ची ब्रायर जिंकणारे कप्तान, एवढ्यावर मी त्यांना लेखात उरकलं होतं. पण हे गृहस्थ १९०८ ते १९७२ असे सलग ६५ वर्षं या बॉनस्पीलमध्ये खेळले. मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली, यांचा एकही हिवाळा चुकला नाही. पंढरीची वारी करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तसेच केन वॉटसन. तीन ब्रायर जिंकणारे पहिले कप्तान (१९३६, १९४२, १९४९), हे मी लिहिलं. पण बर्फावर लांबवर घसरत जाऊन दगड सोडण्याची आजची पद्धत रुळवण्यात या शाळामास्तरांचा मोठा हात होता, हे राहिलंच. कर्लिंगपटू वाकून, एक पाय मागे ताणून मोराच्या डौलात सरकतो ना, त्यात वॉटसन आहेत.

१९७२ चं प्रकरण मी मुद्दाम गाळलं होतं. तुम्ही ‘सोयीस्कर विसर’ म्हणालात. बरोबर ओळखलंत. जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्खेनला जागतिक स्पर्धा. कॅनडाकडून मॅनिटोबाचे ओरेस्ट मेलेश्चुक. शेवटच्या डावात अमेरिका ९-७ ने पुढे. मेलेश्चुक यांचा शेवटचा दगड अमेरिकेच्या दगडाला उडवून स्वतःही सरकत गेला. जिंकलो असं वाटून अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले. त्यांचा कप्तान बॉब लाबॉन्टे उडी मारताना घसरला आणि त्याचा पाय कॅनडाच्या दगडाला लागला. कुणाचा दगड मध्याच्या जास्त जवळ, हे मापायला आता काही उरलंच नाही. कॅनडाला दोन गुण मिळाले, बरोबरी झाली आणि जादा डावात कॅनडाने १०-९ ने विजेतेपद नेलं. त्यानंतर थेट १९८० पर्यंत कॅनडाच्या पुरुषांना ते पुन्हा मिळालं नाही. ‘लाबॉन्टेचा शाप’ म्हणतात त्याला. शाप वगैरे मी मानत नाही, पण जिथे स्वतःचा फाऊल स्वतःच सांगायची रीत आहे त्या खेळात ही ढाल थोडी वाकडीच टांगलेली राहणार. कपाटातून काढून तर नाही ना टाकता येत.

आता बायका. इथे तुम्ही मला सोडायला नको, आणि सोडलंही नाहीत. कॉनी लालिबर्टे १९८४ मध्ये जगज्जेती झाली. जेनिफर जोन्सने सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१४ मध्ये सोचीला एकही सामना न हरता ऑलिंपिक सुवर्ण. गिमलीच्या केरी आयनर्सनने २०२० ते २०२३ अशी सलग चार. पण हे पुन्हा ढाल-मोजणीकडे चाललं. त्यापेक्षा एकच दगड दाखवतो. २००५, सेंट जॉन्स, अंतिम सामना, जोन्सचा शेवटचा दगड. प्रतिस्पर्धी जेन हॅनाचा दगड ऐन मध्यावर, समोरून वाट बंद. जोन्सने आपला दगड बाजूला, घराच्या (बर्फावर आखलेल्या वर्तुळांच्या) कडेबाहेर पडलेल्या दुसऱ्या दगडावर आदळवला. तो तिथून तिरका उसळून आत आला, हॅनाच्या दगडाला घेऊन गेला आणि एका फटक्यात चार गुण. ८-६. कॅरमवर रिबाउंड घेऊन राणी काढणाऱ्याला त्यातली मजा लगेच कळेल. फक्त इथली सोंगटी जवळजवळ वीस किलोची, आणि बोर्ड पंचेचाळीस मीटर लांब.

झाडूबद्दल. तुम्ही चेष्टा केलीत, मीही करायचो. मुलाकडे विनिपेगला एक हिवाळा काढला तेव्हा तो एका क्लबात घेऊन गेला. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे उठवलेले असतात. बोटाने चाचपून पाहिले, ओल्या साबुदाण्यासारखे लागतात. त्या दाण्यांवर घासलं की दगड लांब जातो आणि कमी वळतो. मी दोन मिनिटं घासलं. कोटाच्या आत घाम, खांदे भरून आले, आणि दगड हवा होता तिथून चांगला दोन हात अलीकडे थांबला. मुलगा काही बोलला नाही. त्याचं हसू काचेपलीकडच्या बाकांवरून सगळ्यांनी पाहिलं.

सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय पाजायचं, ही तिथली रीत. आमच्याविरुद्ध सत्तरीच्या एक आजी काठीने दगड ढकलत होत्या. गुडघे वाकत नसले की काठी चालते. त्यांनी आम्हाला आडवं केलं आणि मग स्वतः ट्रे घेऊन आल्या. मी चहा मागितला. त्यांनी कॉफी आणली.