डासाला सातबारा दाखवा

सोसायटीचे चेअरमन झालात, अभिनंदन. आता डेंग्यूचं बघावं लागेल, सोलापुरात ते कुणालाच सुटत नाही. उजनी भरून वाहत असली तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून प्रत्येक गॅलरीत एक निळं बॅरल, आणि बॅरलात अळ्या. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कमिटीची बैठक लागायला त्याहून जास्त लागतात, पण तो दोष डासाचा.

पहिलं काम म्हणजे कुणाला बोलवायचं नाही ते ठरवणं. समजा, तुमच्या कंपाउंडच्या भिंतीमागे चाळीसेक घरांची वस्ती आहे. विडी वळणाऱ्या मावश्या, यंत्रमागावर जाणारी माणसं. त्यांची वीजबिलं वेगळी, पंच वेगळे, गणपतीही वेगळा. पण ती जागा आपली, असं सोसायटीचं म्हणणं आणि प्रकरण कोर्टात. इथे डोकं शांत ठेवून भूमिका घ्यायची: ती माणसं आपलीच आहेत, म्हणून त्यांना वेगळं बोलवायची गरज नाही. आपलीच आहेत, पण आपलं पाणी, आपला धूर आणि आपलं औषध त्यांना नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला जमली की तुम्ही चेअरमन शोभाल.

कुणी हसलं तर सांगा, ही काही जुळे सोलापुरातली युक्ती नव्हे. जिनिव्हात हेच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्या सुरुवातीलाच लिहिलंय की वंश, धर्म, राजकीय मत काहीही न बघता उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. हे वाक्य फार सुंदर आहे, तुमच्या फलकावरही रंगवून घ्या. फलक रंगवून झाला की यादी काढा. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांनी चीनची खुर्ची तैवानमधल्या सरकारकडून काढून बीजिंगला दिली, पुढच्या वर्षी आरोग्य संघटनेनेही दिली, आणि तैवानची आज सव्वादोन कोटींच्या वर असलेली माणसं भिंतीमागे गेली. बीजिंगचं म्हणणं, ती आमचीच आहेत. त्यांचे दवाखाने, विमा, क्वारंटाइन यातलं बीजिंग काही चालवत नाही, तो प्रश्न बैठकीत काढायचा नसतो.

मध्ये आठ वर्षं बोलावलंही होतं बरं का. २००९ ते २०१६, वार्षिक सभेला, निरीक्षक म्हणून, 'चायनीज तैपेई' या नावाने. तैवानमध्ये सरकार बदललं, बीजिंगचा मूड बदलला आणि २०१७ पासून आमंत्रण बंद. यातली खुबी ओळखा. आमंत्रण द्यायचं ते वर्षावर्षाचं, भाडेकराराच्या अकरा महिन्यांसारखं. माणूस वर्षभर नीट वागतो.

आता मागच्या वस्तीतून निरोप येईल. तो येतोच. तिथली आशाताई चिठ्ठी पाठवेल, "तीन घरांत ताप, एक जण सिव्हिलला नेलाय, तुमच्याकडची बॅरलं बघून घ्या." घाबरू नका. चिठ्ठी मराठीच्या सरांकडे द्या आणि विचारा, "यात 'डास भिंत ओलांडून येतो' असं स्पष्ट लिहिलंय का?" नसेल लिहिलं तर तो इशारा नव्हे, नुसती विचारपूस. ३१ डिसेंबर २०१९ ला तैवानने संघटनेला ईमेल केला होता: वुहानमध्ये न्यूमोनियाचे वेगळे रुग्ण दिसताहेत, त्यांना अलग ठेवून उपचार चालू आहेत असं कळतं, जास्त माहिती असेल तर द्या. पुढे वाद झाला तेव्हा संघटनेने सांगितलं, माणसाकडून माणसाला होतो असं त्यात कुठे लिहिलं होतं? तैवानवाले म्हणाले, अलग ठेवलंय म्हटल्यावर डॉक्टर माणसाला काय कळायचं ते कळतं. कळतं ओ. पण कळणं आणि आवक रजिस्टरला नोंद होणं यात फरक असतो, हे सोलापूरच्या कुठल्याही कारकुनाने त्यांना सांगितलं असतं.

मदत अगदीच मागितली तर द्यावी, फक्त आधी परवानगीला पाठवावी. २००३ साली सार्स तैवानला मार्चमध्ये पोचला, संघटनेचे दोन तज्ज्ञ पोचले मे महिन्यात. तोवर तैपेईतलं एक अख्खं रुग्णालय आतल्या माणसांसकट बंद करावं लागलं होतं. बीजिंगची हरकत नसल्याशिवाय विमानात कसं बसणार? धूरफवारणीचं मशीन मागायला मागच्या वस्तीतले अण्णा आले की "कोर्टात विचारून सांगतो" म्हणा. खोटं काही नाही त्यात.

नावाची मात्र फार काळजी घ्या, सगळी गंमत तिथेच आहे. वस्तीला नाव दिलंत की मान्यता दिल्यासारखं होतं. कोरोनाच्या रोजच्या अहवालात संघटनेने तैवानला आधी 'तैवान, चीन' लिहिलं, मग 'तैपेई', मग 'तैपेई आणि परिसर'. परिसर! अख्खं बेट, त्यातली शहरं, डोंगर, सगळा परिसर. आपल्याकडे पेपरात 'सोलापूर आणि परिसरात हलक्या सरी' येतं ना, तसं. या नामकरणाचा फायदाही लगेच दिसला. चीनमधली विमानं बंद करताना इटलीने तैवानचीही केली, तेव्हा तैवानमध्ये मोजून दहाएक रुग्ण होते. आपलीच माणसं म्हटल्यावर दंडात वाटेकरी करायलाच हवं.

कुणी वार्ताहर तोंडावर विचारेल. त्यावर मार्च २०२० मधला उपाय आहे. हाँगकाँगच्या पत्रकार बाईंनी संघटनेच्या एका वरिष्ठ सल्लागाराला व्हिडिओ कॉलवर तैवानच्या सदस्यत्वाबद्दल विचारलं. ते आधी गप्प. मग म्हणाले, ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, परत विचारते. नको नको, पुढचा प्रश्न घ्या. मग फोन तुटला. परत लावला तर म्हणाले, चीनबद्दल आपलं बोलणं झालंच आहे. तुम्हाला तर इतकीही कसरत नको, सोलापुरात रेंज आपोआप जाते.

एक धोक्याची सूचना. या शहरात कुंपणाचा इतिहास कुणी उकरू नये. इंग्रजांनी इथे 'गुन्हेगार जमाती' ठरवून माणसं तारेच्या आत ठेवली. तो कायदा १९५२ ला देशभरातून गेला, पण त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. तारेच्या आतला ताप आतच राहिला, असं मात्र जुनं माणूस कुणी सांगत नाही.

त्याहून अवघड जागा म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, हार घालायला चेअरमन म्हणून तुम्हाला बोलावतील, तेव्हा भाषण लहान ठेवा. हा सोलापूरचा मुलगा १९३८ साली चीनला गेला. कुठल्या देशाकडून? देश नव्हताच, काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टर, पारतंत्र्यातले. कुणाकडे? यानआन, पुढे वुताई डोंगराची बाजू, कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेकडे. जगाची मान्यता होती चिआंग कै-शेकच्या सरकारला. म्हणजे जो देश नव्हता तिथला डॉक्टर, जे सरकार नव्हतं तिथल्या जखमींकडे गेला. १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारला, वय बत्तीस. चीनमध्ये त्यांना आजही मानतात. आणि चिआंगचं सरकार १९४९ ला हरून तैवानला गेलं, तिथून आणखी बावीस वर्षं संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची धरून बसलं, तेव्हा मुख्य भूमीवरची कोट्यवधी माणसं परिसरात होती. खुर्ची फिरली, परिसर बदलला. असलं बोललात की मागच्या रांगेतून कुणीतरी "मग आता काय करायचं ओ चेअरमन?" विचारणार. म्हणून हार घाला, फोटो काढा, निघा.

(अमेरिकेने २०२५ मध्ये आपणच संघटनेतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मेंटेनन्स सगळ्यात जास्त भरणारा फ्लॅटवाला रागावून ग्रुप सोडतो, तसं. दुसरा कुणी आत यायला दारात उभा असताना.)

आता बैठकीचं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, बॅरल नुसतं उपडं न करता आतून घासायचं, कारण या डासाची अंडी भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, असा ठराव करा. बैठक रात्री नऊला ठेवा, तो डास दिवसा चावतो. ही सगळी माहिती मागच्या वस्तीतल्या आशाताईने दिलेली आहे. इतिवृत्तात तिचं नाव घालू नका. 'सोसायटी आणि परिसर' एवढंच लिहा.