अर्धं वचन फिरवणाऱ्यांसाठी

सध्या फिरत असलेल्या एका मजकुराचा सूर असा: बायबलचं श्रीमंतांशी काही भांडण नाही. ‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील’ असं खुद्द येशूच म्हणाला. गरिबी येते आळसातून, आणि धनवानाने जमेल तसा दानधर्म केला की झालं.

आधी येशूचं वाक्य घेऊ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राच्या, १४व्या अध्यायात ते तिथेच थांबत नाही. वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचं भलं करू शकता, असं तो लगेच पुढे म्हणतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या नियमांच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातही देशात गरीब कायम असतील असं म्हटलंय, पण ‘म्हणून हात मोकळा सोड’ अशा आज्ञेसाठी. त्याच अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. माफीचं वर्ष जवळ आलं म्हणून कर्ज नाकारणाऱ्याला तिथेच तंबीही आहे. सावकाराची नस ओळखूनच लिहिलंय!

आळशाला ‘नीतिसूत्रे’ या बायबलमधल्या पुस्तकात टोमणे आहेत, खरंय. पण गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं आणि अन्यायामुळे हातचं जातं, हेही त्याच नीतिसूत्रांच्या १३व्या अध्यायात आहे. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता भांडणाचं. बायबलमधले अब्राहाम आणि ईयोब हे भले लोक धनवान होते, मान्य. बायबलचा राग आहे तो पैसा कसा आला यावर. यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा मेंढपाळ, संदेष्टा आमोस, इ.स.पू. ८व्या शतकात, राजा दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, शेजारच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलला. त्याने सांगितलेले व्यापारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याचीच वाट बघतात. मग धान्य मोजायचं माप, एफा, लहान, पैसे तोलायचं वजन, शेकेल, जड, तराजू खोटा आणि गव्हाच्या नावाखाली भुसा. शुद्ध मापात पाप. वहाणांच्या जोडापायी गरीब माणूसच विकत घेतात. यावर इस्राएलातल्या बेथेलच्या देवळाचा याजक (पुरोहित) अमस्या आमोसला काय म्हणाला? यहूदात जा, तिथे भाकर खा, हे राजाचं पवित्रस्थान आहे.

मजुरांचं तर सोडाच. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात त्यांची श्रीमंतांनी अडवलेली मजुरीच ओरडते.

दानधर्म पुरेसा म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ५वा अध्याय काढावा. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, पोटच्या मुली दासी झाल्या. नहेम्या हा पर्शियाच्या राजाने नेमलेला यहूदाचा सुभेदार. त्याने सरदारांना अन्नछत्र उघडायला सांगितलं नाही. शेतं आणि व्याज आजच्या आज परत करा म्हणाला. आपण आणि आपले भाऊबंदही कर्ज देत आहोत हे त्याने लपवलं नाही, आणि सरदारांनी होकार देताच याजकांना बोलावून सरदारांकडून तशी शपथ घेतली.