माळ बेंबीपर्यंत आली होती

दसऱ्याला मामांच्या गावी गेलो, तर मामा ओसरीवर उघडेच बसलेले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसानं पाठ खाजवत होते. गळ्यात काविळीची माळ. मामी म्हणाल्या, "कामीण झालीय रे बाबा. मंगळवारी घातली तवा डोक्यावर बसत होती. आता बघ, बेंबीला लागली. उतरायलीय."

माळ लांबते, कारण काड्या वाळल्या की दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. माझ्या गळ्यात घातली असती तरी लांबलीच असती. कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर निघणारा पिवळा रंग आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या दिवशी गप्प बसलो. साधी कावीळ बहुतेकदा चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळं माळवाल्याचं नाव होतं. मला वाटलं, उतरेल.

मामांची ती कावीळ नव्हती. ताप नाही, पोटात दुखणं नाही. नुसती अंगाला खाज, लघवी काळ्या चहासारखी आणि शौचाला पांढुरकं, शाडूच्या मातीसारखं. पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून आतड्याकडं जाते. तिथं कॅन्सरची गाठ वाढली की नळी दाबली जाते, पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो. दुखत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही.

मागं वळून पाहिलं की एकेक गोष्ट आठवते. श्रावणात अचानक शुगर निघाली, घरात कुणालाच नसताना. पट्ट्याला मामांनी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. आम्ही म्हटलं, शुगरमुळं बारीक झाले. पाठीत कळ यायची, वाकून बसलं की कमी व्हायची. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं: अठ्ठावन्न वर्षांची पाठ आहे, फवारणीचा पंप वाहून वाहून दुखणारच. मेडिकलवाल्यानं तीन महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या.

तालुक्याला सोनोग्राफी झाली. रिपोर्ट इंग्रजीत. लिव्हर नॉर्मल हे शब्द तेवढे आम्ही वाचले आणि गाडी घराकडं वळवली. खाली एक ओळ होती: गॅसमुळं पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, नीट दिसत नाही. दिसत नाही म्हणजे ठीक आहे असं नव्हे, पण आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. छत्रपती संभाजीनगरला सीटी स्कॅन होईपर्यंत दिवाळी उलटली होती. गाठीनं रक्तवाहिनीला वेढा घातला होता, ऑपरेशन शक्य नव्हतं. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला. खाज थांबली आणि मामा दोन महिन्यांनी पहिल्यांदा रात्रभर झोपले. फाल्गुनात गेले.

आमच्याकडं कॅन्सर म्हणजे तंबाखूचा, तोंडाचा. फार तर बायकांचा. स्वादुपिंड म्हटलं तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "दहाव्याचा पिंड का?" मनोहर पर्रीकर नाकात नळी घेऊन अर्थसंकल्प मांडताना टीव्हीवर दिसले होते. १७ मार्च २०१९ ला ते गेले. काहींना हा आजार तेवढाच ठाऊक. २०२२ साली जगात याचे ५ लाखांवर नवे रुग्ण निघाले आणि त्याच वर्षी साडेचार लाखांवर माणसं गेली. हे दोन आकडे इतके जवळ का, ते मामांच्या घरी कळतं. निदान होतं तेव्हा शंभरातले पंधरा-वीसच ऑपरेशनच्या लायक असतात.

याचा जागतिक दिवस नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी असतो. जांभळी फीत वगैरे. पण नोव्हेंबरात आमच्या बीड जिल्ह्यातली निम्मी गावं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात, उरलेली कापसात. शिबिर घ्यायचं कुणासाठी? चैत्रात माणसं परततात, गावोगाव सप्ताह बसतात. कीर्तन उभं राहण्याआधी हे सांगायला पाच मिनिटं मागा. अख्खा गाव समोर असतो.

आणि फुल बॉडी चेकअपची पॅकेजं विकू नका. निरोगी माणसाला आधीच सापडावी अशी सरसकट तपासणी या आजाराला नाही. शुगर निघाली म्हणूनही घाबरू नका, पन्नाशीपुढच्या अशा शंभरांत फार तर एखाद्याला हे निघतं. पण शुगरबरोबर वजन उतरत असेल किंवा न दुखता कावीळ झाली असेल, तर डॉक्टरला सीटीचं विचारा. लवकर कळलं म्हणजे माणूस वाचतोच असं मी म्हणणार नाही. पण वेळेत कळलं तर ऑपरेशनची संधी असते. नाहीतर निदान खाज आणि दुखणं तरी आटोक्यात येतं, आणि जमीन विकायची की नाही हे घरच्यांना डोकं ठिकाणावर ठेवून ठरवता येतं. रेशनकार्ड आणि सरकारी उपचारांची महात्मा फुले योजना पहिल्या दिवशी विचारा, शेवटच्या नाही.

माझ्या मते ही माहिती सगळ्यात आधी माळवाल्यालाच द्यायला हवी. काविळीचा माणूस डॉक्टरच्या आधी त्याच्याकडं जातो. आशाताईंनाही सांगा, मेडिकलवाल्यालाही. पण पहिला तो. मित्र म्हणतात, भोंदूला मान देतोस. देतो.

गेल्या महिन्यात मी त्या माळवाल्याकडं गेलो. भांडायला गेलो नव्हतो, तरी पहिली दहा मिनिटं भांडणातच गेली. मग म्हटलं, "बाबा, पन्नाशीच्या पुढचा माणूस, दुखत नाही, खाज आहे, शौचाला पांढरं, तर माळ घालू नका. आधी मोठ्या दवाखान्यात धाडा." ते बराच वेळ काड्या कातरत राहिले. मग म्हणाले, "लिहून द्या गुरुजी. मोठ्या अक्षरात."

दिलं लिहून. कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलंय. मामींना हे अजून सांगितलेलं नाही.