‘ड्रोन हरवतच नाही’ हा समज कोकण किनाऱ्यावर का टिकत नाही

सुट्ट्या जवळ आल्या की कोकणात ड्रोन घेऊन येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हल्लीचे ड्रोन हरवतच नाहीत. ‘रिटर्न टू होम’ दाबलं की आपोआप परत येतात. रेंज दहा किलोमीटर असते. समुद्रावर ना झाड ना तार, म्हणून त्याहून सुरक्षित जागा नाही. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियम लागत नाहीत. आणि पडलाच, तर ॲप जागा दाखवतं.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि धोका त्यातच आहे. पैसे साठवून घेतलेला ड्रोन पहिल्याच सहलीत समुद्रात गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातले बहुतेक ड्रोन वाचण्यासारखे होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात ‘रिटर्न टू होम’पासून. हे बटण दाबल्यावर ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, मग उड्डाणाच्या वेळी नोंदलेल्या बिंदूकडे सरळ निघतो. त्याला ठाऊक असतो तो एक बिंदू आणि एक उंची. बिंदू नोंदला जायला पुरेसे उपग्रह सापडावे लागतात. वाडीत माडांच्या सावलीतून घाईने उडवला, तर ती नोंद उशिरा होते, कधी भलत्या जागी होते. म्हणून मोकळ्या पुळणीवर या, होम पॉइंट नोंदल्याची सूचना ऐका, मगच वर न्या. जेट्टीच्या काँक्रीटवरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून उडवू नका, आतलं लोखंड होकायंत्राला चकवतं.

उंचीही उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. आंजर्ल्याच्या पुळणीवरून उडवून कड्यावरच्या गणपतीच्या डोंगराआड गेलात आणि परतीची उंची तीस मीटर ठेवली असेल, तर सिग्नल तुटताच ड्रोन सरळ डोंगराकडे येणार. अनेक छोट्या ड्रोनना पुढचा अडथळा दिसतच नाही, त्यांचे सेन्सर फक्त खाली पाहतात. ज्यांना पुढचं दिसतं, त्यांनाही माडाची झावळी आणि विजेची तार दिसेलच असं नाही.

डॉल्फिन पाहायला होडीतून जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. होडी पुढे गेलेली असते आणि ड्रोन मात्र जिथून उडाला त्याच पाण्यावर परत येऊन उतरू लागतो. होडीवरून उडवायचाच असेल, तर सिग्नल तुटल्यावर ‘परत ये’ऐवजी ‘जागीच थांब’ असं आधीच निवडून ठेवा, म्हणजे होडी जवळ नेऊन संपर्क पुन्हा जोडता येतो. होम पॉइंटही अधूनमधून रिमोटच्या जागेवर आणत राहा.

पण माझ्या मते कोकणात सर्वांत जास्त ड्रोन घालवतो तो वारा, आणि त्याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. हिवाळ्यात तो जास्त जाणवतो, खाडीच्या मुखाशी तर फारच. आणि सगळ्यांना उडवायचं असतं नेमकं त्याच वेळी, कारण उजेड सुंदर, पुळण रिकामी आणि हवा शांत वाटते. शांत वाटते, कारण आपण माडांच्या आणि डोंगराच्या आडोशाला उभे असतो. साठ-सत्तर मीटर वर तसं नसतं.

आता हिशोब करू. डीजेआय मिनी २ हा छोटा ड्रोन उदाहरणाला धरा. साध्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला १० मीटर, स्पोर्ट मोडमध्ये १६. समजा वर सेकंदाला ७ मीटरचा मतलई वारा आहे. समुद्राकडे जाताना तो पाठीशी असतो, किलोमीटर कधी कापला ते कळत नाही. परतताना हाती उरतात सेकंदाला ३ मीटर, म्हणजे त्याच किलोमीटरला साडेपाच मिनिटं. त्यात ‘रिटर्न टू होम’ ड्रोनला आणखी वर चढवतं, जिथे वारा बहुधा जास्तच असतो. बॅटरी संपत आली की ड्रोन आहे तिथेच उतरतो, आणि खाली पाणी असतं.

अशा वेळी घाबरू नका. परतीचा आदेश रद्द करा, खाली अडथळा नसेल तर उंची कमी करा, स्पोर्ट मोड लावा आणि नाक किनाऱ्याकडे धरून सरळ या. बॅटरी भराभर उतरेल, पण १६ मधून ७ वजा केले तरी ९ उरतात आणि किलोमीटर दोन मिनिटांच्या आत संपतो. त्याहून बरं म्हणजे सकाळी उडवताना किनाऱ्याला समांतर किंवा जमिनीकडे जा. समुद्रावर जायचंच असेल तर खारा वारा सुरू झाल्यावर, तो फार जोराचा नसताना जा: जाताना कष्ट, येताना सोपं. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा ड्रोनही पिशवीतच राहू द्या.

रेंजचा आकडा मोकळ्या, अडथळ्याविना जागेतला असतो. मिनी २ ची ३१ मिनिटंही वारा नसताना, मंद वेगाने मोजलेली आहेत. रिमोटचा सिग्नल दहा किलोमीटर पोहोचला, तरी बॅटरी परतीला पुरेल असं त्यातून निघत नाही.

‘समुद्रावर अडथळा नाही’ हेही तपासून पाहा. खाली पाहणारे सेन्सर हलत्या लाटांवर गोंधळतात, त्यामुळे पाण्याला चिकटून उडवणं टाळा. शिवाय घारी आणि समुद्र गरुड आहेत. घरट्याजवळ गेलात तर ते अंगावर येतात, आणि त्यांचं घर तिथे आधीपासून आहे. पक्षी घिरट्या घालू लागला की ड्रोन तिथून काढा.

नियमांचं म्हणाल तर २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला पायलट प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. लाल (उड्डाणबंदीच्या) आणि पिवळ्या (नियंत्रित) क्षेत्रात परवानगीशिवाय उडवायची सूट मात्र दिलेली नाही. रत्नागिरी आणि चिपीच्या विमानतळांमुळे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा क्षेत्रांचा नकाशा आधी पाहायलाच हवा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले, तिथली परवानगी वेगळी. पोलिसांनी ताब्यात घेतलेला ड्रोनही आपल्यापुरता गेलेलाच. त्यात ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, म्हणून हातातला जपलेला बरा.

शेवटी ॲपचं. ते दाखवतं ती संपर्क तुटण्याआधीची शेवटची जागा. ड्रोन त्यानंतरही वाऱ्याने सरकलेला असू शकतो. त्या जागेचा स्क्रीनशॉट लगेच काढा आणि ओहोटीची वेळ पाहा, कारण भरतीत बुडालेला खडक काही तासांनी उघडा पडतो. माडावर अडकला असेल तर स्वतः चढू नका, गावातल्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, विनंती करा. ड्रोनवर आपला फोन नंबर चिकटवलेला असेल, तर सापडलेली वस्तू परत करणारी माणसं या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. आणि खाऱ्या पाण्यातून निघालेली बॅटरी कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नका, घरातही ठेवू नका. ती नंतरही पेट घेऊ शकते.