कुलगुरूंनी गेटपर्यंत चालत यावे

दरवर्षी १४ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर तासभर उभे राहिले, तर विद्यापीठाचा माणसांच्या अस्मितेशी काय संबंध असतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खेड्यापाड्यांतून आलेल्या आया लेकरे कडेवर घेऊन त्या गेटला माथा टेकतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात नामांतरविरोधी हिंसाचारात दलितांच्या वस्त्या जळाल्या आणि पोचिराम कांबळे यांच्यासारख्या माणसांना जीव गमवावा लागला. असा इतिहास असलेल्या मराठवाड्यातही जात, धर्म किंवा महापुरुष यांवरून कॅम्पसवर ताण निर्माण झाला की आपले संस्थाप्रमुख तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानून मोकळे होतात, याचे मला फार वाईट वाटते.

काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. रंगकामासाठी सभागृहातली बाबासाहेबांची तसबीर उतरवली गेली आणि पंधरा दिवसांनी ती मुलांना स्टोअररूममध्ये बादल्या-झाडूंच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली सापडली. काचेवर चुन्याचे शिंतोडे होते. एक मुलगा खाली बसून ते आपल्या शर्टाने पुसत होता आणि बाकीचे नुसते उभे होते. ते कोणी मुद्दाम केले असे मला आजही वाटत नाही. प्राचार्यांनी येऊन, चूक झाली असे म्हणून ती तसबीर स्वतःच्या हाताने पुन्हा लावली असती, तर प्रकरण तिथेच मिटले असते. त्यांनी आधी पोलीस ठाण्याला फोन केला आणि मग ‘काही समाजकंटक’ अशा शब्दांची नोटीस लावली. संध्याकाळपर्यंत बाहेरचे पुढारी आले, घोषणा सुरू झाल्या आणि आठवड्याभरात चार मुलांचा वसतिगृह प्रवेश शिस्तभंगाखाली रद्द झाला. त्यातल्या एकाचे आईवडील ऊसतोडीला जात. तो गावी गेला तो परत आलाच नाही. त्या शिस्तभंगाच्या अहवालावर माझी सही आहे.

हैदराबाद संस्थानात १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. त्याच हैदराबादेत पुढे केंद्रीय विद्यापीठाने पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढले. त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यातल्या रोहित वेमुलाने आत्महत्या केली. दोन्ही वेळी मुलांच्या हातात आधी पडला तो बाहेर काढल्याचा कागद.

कुलगुरूंवर मंत्र्यांचा, संघटनांचा, व्यवस्थापन परिषदेचा दबाव असतो हे मी जाणतो, आणि दगडफेक सुरू झाली तर पोलीस बोलवावेच लागतात. परंतु दगड हातात येण्याआधी बहुतेक वेळा काही तास मिळतात, आणि ते बंद दाराआड बैठका घेण्यात जातात. त्यात १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली खरी, पण मधल्या कित्येक तुकड्यांनी मतदान करून निवडलेला प्रतिनिधी पाहिलाच नाही. मग बोलणी करायची कोणाशी, असे प्रशासन विचारते. गेटवर जे बसले आहेत त्यांच्याशी, हे त्याचे साधे उत्तर आहे.

म्हणून माझी अपेक्षा अशी, की कुलगुरूंनी त्याच दिवशी स्वतः चालत यावे, काय घडले ते आडवळण न घेता लेखी मान्य करावे, आणि चौकशी समितीत दुखावलेल्या समाजातला माणूस घेऊन तिला तारीख ठरवून द्यावी. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत एकाही विद्यार्थ्याची खोली काढून घेतली जाणार नाही, एवढा नियम तरी संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांनी पुढचे वसतिगृह प्रवेश सुरू होण्याआधी लेखी काढावा.