मी त्या निवेदनावर सही केलेली नाही

आमच्या भागातल्या महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेत बेघरांसाठी निवारा केंद्र सुरू करायचं घाटतंय. त्याला विरोध करणारं निवेदन आठवडाभर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय. सह्यांसाठी दोघं जण घरीही येऊन गेले. दोघंही ओळखीचे, अडीअडचणीला धावून येणारे. दारात उभ्या उभ्या त्यांच्याशी नीट बोलणं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पोस्ट लांबणार आहे, पण सही करण्याआधी कृपया वाचा.

निवेदनात म्हटलंय की हे लोक कामधंदा न करता दिवसभर इथे बसून राहतील.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी शहरातल्या एका निवारा केंद्रात जाते. खाती उघडून देणं, फॉर्म भरणं, कुणासोबत तरी रांगेत उभं राहणं, एवढंच माझं काम. तिथल्या पुरुषांच्या हॉलमध्ये सकाळी सातला गेलात तर निम्म्याहून जास्त कॉट रिकामे दिसतील. कुणी पहाटेच मार्केट यार्डात हमालीला गेलेला असतो, कुणी मजूर अड्ड्यावर उभा असतो, कुणी भंगार वेचायला बाहेर पडलेला असतो. लग्नसराईत बरेच जण वाढपी म्हणून जातात. आपल्या घरच्या कार्यात ज्यांनी आपल्याला आग्रह करून जिलबी वाढली, त्यातले काही जण पंगती उठल्यावर, भांडी घासून झाल्यावर, पुलाखाली जाऊन झोपत होते. मोसम संपला की काम संपतं आणि पावसाळा तोंडावर येतो. हे लोक काम करतात. त्या कामातून या शहरात खोलीचं डिपॉझिट आणि भाडं सुटत नाही, आणि कामाच्या जागेपासून लांब राहिलं तर कामच मिळत नाही. फूटपाथवर माणूस का झोपतो याचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फूटपाथवासीयांबद्दल बोलताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच ओळखलं होतं आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात वाघोलीला काय झालं ते आपण विसरलो का? अमरावतीकडून कामासाठी आलेली मजुरांची कुटुंबं रात्री फूटपाथवर झोपली होती आणि त्यांच्यावर डंपर चढला. तिघं गेली, त्यात दोन अगदी लहान मुलं होती. दोन दिवस आपण सगळे हळहळलो. त्या रात्री त्यांना जवळपास कुठे छप्पर मिळालं असतं, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर तरी कुणी विचारलेला मला आठवत नाही. आता छप्पर व्हायची वेळ आली तर आपण निवेदन काढतोय. मला याचा खरंच त्रास होतो.

हे केंद्र म्हणजे महापालिकेने केलेली मेहरबानी नाही. २००९च्या हिवाळ्यात दिल्लीत पुसा रोडवरचा रात्रनिवारा पाडला गेला. त्यानंतर अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सरकारांना धारेवर धरलं. मोठ्या शहरांमध्ये दर १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तो वर्षभर आणि चोवीस तास चालू हवा, असं ठरलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची वेगळी योजना आली. या हिशोबाने एकट्या मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाहीत. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. फूटपाथ, पूल, फलाट, सिमेंटचे मोठे पाईप, देवळांची आवारं, जिथे माणूस झोपलेला सापडला तिथे त्याला मोजलं. तेव्हा महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त माणसं निघाली. त्या रात्री कामावर असलेली आणि जागा बदलत राहणारी किती सुटली असतील, याची कल्पना करा.

निवारा म्हणजे रात्रीपुरती झोपायची सोय, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते तिथलं सगळ्यात मोलाचं काम दिवसा होतं. एक उदाहरण सांगते. नाव, गाव सांगत नाही.

पन्नाशीचे एक गृहस्थ. केटररकडे भांडी घासायचं काम. झोपेत उशाची पिशवी चोरीला गेली, पिशवीत मोबाईल आणि आधार कार्ड. बाहेरून पाहिलं तर किरकोळ चोरी. पण मोबाईल गेला म्हणजे नंबर गेला, नंबर गेला म्हणजे ओटीपी येणं बंद. ठेकेदार पैसे फोनवर टाकायचा, ते आता दुसऱ्याच्या फोनवर येऊ लागले आणि दर वेळी तो मधला माणूस आपला हिस्सा कापून घ्यायचा. गावाकडच्या बँकेत त्यांचं जुनं खातं होतं, थोडे पैसेही होते. पण दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नाही, म्हणून खातं निष्क्रिय. चालू करायला केवायसी हवं, केवायसीला आधार हवं, आणि नवीन नंबर आधारला जोडायचा तर बोटांचे ठसे जुळायला हवेत.

ठसे जुळेनात. वर्षानुवर्षं साबण, सोडा आणि काथ्याने घासून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. आधार केंद्रावरच्या मुलाने बोटं पुसून पाहिली, कपाळावरून फिरवायला सांगितली, पुन्हा यंत्रावर ठेवली. दहाही बोटं झाली. ते सारखे आपले हात लुगड्याला पुसावेत तसे पँटला पुसत होते आणि "मॅडम, माझाच हात आहे हो," म्हणत होते. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवरून काम झालं. पत्त्यासाठी निवारा केंद्राच्या लेटरहेडवरचं पत्र चाललं. मान्यताप्राप्त निवाऱ्याचं असं प्रमाणपत्र आधारसाठी ग्राह्य धरतात, पण हे माहीत असलेलं कुणीतरी सोबत असावं लागतं. पुढे खातं चालू झालं आणि मजुरी थेट त्यांच्या नावावर येऊ लागली. नंतर त्यांनी आणखी दोघांसोबत खोली घेतली.

ही सगळी खटपट महिनोन्महिने चालली. त्या काळात त्यांना रोज रात्री तीच कॉट आणि कुलूप लावता येईल असा लॉकर मिळाला, म्हणून ती तडीस गेली. ज्याला आज कुठे झोपायचं हे संध्याकाळपर्यंत ठाऊक नसतं, तो उद्या अकराला तहसील कचेरीत कसा पोचणार?

आणि कचेऱ्यांचं काय सांगू! संजय गांधी निराधार योजनेत दरमहा मदत मिळते. त्यासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या नावावर विजेचं बिल कधी निघालंच नाही, त्याच्याकडून हा कागद मागायचा. मतदार यादीचा नियम मात्र मला मनापासून आवडतो. बेघर माणसाने अर्जात लिहिलेल्या जागी बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री जायचं आणि तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, त्याला राहण्याचा वेगळा कागद मागायचा नाही. माणसापर्यंत सरकारने चालत जावं, अशी पद्धत एका ठिकाणी होऊ शकते तर इतर ठिकाणी का नाही?

निवेदनातला दुसरा मुद्दा मुलींच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मलाही नात आहे. पण आज त्या बंद शाळेची अवस्था बघा. दिवे नाहीत, मागची भिंत पडलेली, रात्री तिथे कोण बसतं ते आपल्याला माहीत आहे. केंद्र झालं तर तिथे चोवीस तास केअरटेकर असेल, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद असेल, दिवे असतील. आणि सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर उघड्यावर झोपणाऱ्या बायकांचाही विचार करा. महिलांच्या हॉलमधल्या एका आजींनी मला सांगितलं होतं की फूटपाथवर असताना त्या रात्री झोपतच नसत, दिवसा देवळाच्या पायरीवर डोळा लागायचा तेवढाच. लोक त्यांना आळशी म्हणायचे.

दारू पिणारे नसतात का? असतात. मनाचा आजार असलेलेही असतात, आणि त्यांना सांभाळणं केअरटेकरच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसतं. तिथे मनोविकारतज्ज्ञ यायला हवा, औषधं हवीत. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून त्यांच्या घरी पोचवलंय. म्हणजे हे अशक्य नाही. आणखी एक गोष्ट मला फार छळते. इस्पितळातून पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला 'घरी विश्रांती घ्या' असं लिहून सोडतात. त्याला घर नाही, हे केसपेपरवर कुठेच येत नाही. तो पुन्हा रस्त्यावर, जखम चिघळते, पाय जातो आणि कामही जातं. अशांसाठी निवाऱ्यात चार-सहा कॉट राखून ठेवले तरी पाय वाचतील.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' आहेच. आपल्या सगळ्यांच्या घरी त्यांचा फोटो किंवा पुस्तक असेल.

माझी विनंती अशी की विरोधाचं निवेदन थांबवू आणि मागण्यांचं लिहू. प्रत्येकाला लॉकर. वाढप्याचं काम करून रात्री दीडला येणाऱ्याला बंद फाटक मिळू नये. बायकांसाठी वेगळा हॉल आणि स्वतंत्र स्वच्छतागृह. नवरा, बायको आणि मुलं एकत्र राहू शकतील अशा दोन तरी खोल्या, कारण कुटुंबं फुटण्यापेक्षा फूटपाथ पत्करतात. चालवणाऱ्या संस्थेचे पैसे वेळेवर, म्हणजे केअरटेकरचा पगार थकणार नाही. आणि देखरेखीच्या समितीत आपल्या सोसायट्यांचे दोन प्रतिनिधी. त्यातलं एक नाव माझं घाला.

शनिवारी सकाळी अकराला क्षेत्रीय कार्यालयात बैठक आहे. ज्यांनी सही केली आहे त्यांनीही या, तुमच्या शंका तिथे समोरासमोर मांडा. त्याआधी ज्यांना निवारा केंद्र प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी मला फोन करा. शुक्रवारी संध्याकाळी, लोक कामावरून परत येतात त्या वेळी मी घेऊन जाईन.